शाळेच्या पायरीवरून (भाग 9) : दोन घोट

  या आठवड्यात संग्रामपूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. शालेय पोषण आहारावरचा आधीचा भाग वाचून त्यांनी विचारलंय, "मुलं शाळेत काय खातात ते लिहिलंत. पितात काय, तेही लिहा ना."

घाटाखालच्या एका शाळेतली दुपार आठवली. अडीच वाजले होते. चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली दिसली, अर्ध्याहून जास्त भरलेली. उन्हाने ओठ सुकलेले. पाणी का पीत नाहीस, विचारलं तर म्हणाला, "फिल्टरचं हाय सर. सुट्टीत दोन घोट पेलो. संपलं तं हापशीचं प्या लागते, ते खारं लागते." नऊ-दहा वर्षांचं पोर दिवसभराचं पाणी घोटाघोटाने पुरवून वापरत होतं.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग म्हणजे खारपाणपट्टा. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूची गावं त्यात येतात. जमीन काळी, खोल, गाळाची. भूजलात मात्र क्षार मुरलेले. पोकरा या कृषी योजनेच्या पहिल्या टप्प्यात या पट्ट्यातली 932 गावं घेतली होती, त्यावरून पसारा लक्षात यावा. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. त्याच शाळेतल्या सरांनी हापशीच्या पाण्याने धुतलेला स्टीलचा पेला उन्हात वाळवून मला दाखवला. आतून पांढरी साय धरल्यासारखा थर होता. बोटाने पुसला तर बोट पांढरं झालं.

या पाण्याने पोषण आहाराचंही गणित बिघडतं. जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. पाचवीपर्यंतच्या मुलाला या आहारातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. त्यातली बरीच प्रथिनं डाळी-कडधान्यांतून यायची. डाळ कच्ची राहिली की मूल ती ताटाच्या कडेला सारतं. स्वयंपाक करणाऱ्या ताई मग गोड्या पाण्याची कळशी खिचडीपुरती लांबून आणतात.

केसगळतीही पाण्यामुळेच का, असं दोघा-तिघांनी विचारलं आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड भागात लोकांना टक्कल पडू लागलं, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. खाऱ्या पाण्याचे दोष पुष्कळ आहेत, पण गावातलं प्रत्येक दुखणं त्याच्या माथी मारलं की खरं कारण हातून निसटतं.

मुलींची गोष्ट आणखी अवघड आहे. स्वच्छतागृह बांधलेलं असतं, पण आत पाणी नसतं. म्हणून सहावी-सातवीच्या मुली सकाळपासून पाणीच टाळतात. डोकं दुखणं, लघवीची जळजळ, शेवटच्या तासाला गळून जाणं, याचा संबंध पाण्याशी असेल हे घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. त्यात उन्हाची भर. 2025 साली तर पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. आपल्याकडचा एप्रिल कसा असतो, हे मी सांगायला नको.

शिक्षण हक्क कायद्याने 2009 सालीच प्रत्येक शाळेला सुरक्षित आणि पुरेसं पाणी बंधनकारक केलं. शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्यासाठी 2 ऑक्टोबर 2020 ला देशभर शंभर दिवसांची मोहीमही निघाली. वान धरणावरची 140 गावांची पाणीपुरवठा योजना संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांसाठीच आहे. तरी तोटी बसली म्हणून मूल पाणी पितंच असं नाही. केरळातल्या शाळांनी 2019 पासून दिवसातून ठरावीक वेळी पाण्याची घंटा द्यायला सुरुवात केली. घंटा झाली की सगळ्या वर्गाने पाणी प्यायचं. आपल्याकडे ती जरूर वाजवावी, पण आधी प्यायला गोडं पाणी हवं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना माझी विनंती आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांना शाळेत बोलवा. जडपणा, क्लोराइड, नायट्रेट तपासून आकडे फळ्यावर लिहा आणि तेच ग्रामसभेत मांडा. मुलींच्या स्वच्छतागृहातली तोटी एकदा स्वतः सोडून बघा. आणि आज संध्याकाळी मूल घरी आलं की गृहपाठ विचारायच्या आधी त्याची बाटली हातात घ्या. किती पाणी उरलंय, ते मला कळवा.