सतत थकवा, जीव घाबरणे : थायरॉईड कधी तपासावे, आणि अहवाल आल्यावर काय?

अचलपूर : 'काही नाही, टेन्शन घेऊन राहिली ते.' परतवाड्यात राहणाऱ्या माझ्या आत्याबद्दल घरात दीड वर्ष हेच वाक्य ऐकू येत होते. सकाळी उठतानाच हातपाय गळालेले, दुपारी स्वयंपाक उरकला की थेट खाट, केस विंचरले की फणीत पुंजका. मधूनच जीव घाबरायचा, रडू यायचे. एप्रिलच्या उन्हात, जेव्हा आपल्याकडे कूलरसमोरून कोणी उठत नाही, तेव्हा ती पंखा बंद करायला सांगायची. ही गोष्ट सगळ्यांनी पाहिली, पण तिचा अर्थ कोणालाच लागला नाही. शेवटी बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी सहज म्हणून टीएसएच तपासायला सांगितले. आकडा आला ४६.

'टेन्शन', 'वय झाले', 'रक्त कमी आहे', 'बाळंतपणाचा अशक्तपणा' ही चार उत्तरे थकलेल्या बाईसाठी आपल्याकडे तयारच असतात. अडचण अशी की, ती अनेकदा खरीही असतात. थायरॉईडच्या त्रासाचे एकही लक्षण फक्त त्याचेच म्हणता येईल असे नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे लपून राहतो, आणि म्हणूनच कधी कधी नसतानाही चिकटवला जातो.

आकडा वाढला म्हणजे थायरॉईड वाढले का?

नाही, बहुधा उलटेच. येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठाच्या जरा खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, मेंदूची चपळाई या सगळ्यांचा वेग त्यावर ठरतो. टीएसएच मात्र थायरॉईडमधून येत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते.

संत्र्याच्या तोडीवरचा मुकादम आठवा. मजुरांचे हात झपाझप चालत असतील तर तो शांत बसतो. काम रेंगाळले की त्याचा आवाज चढतो. टीएसएच हा मुकादमाचा आवाज आहे. थायरॉईड मंदावले की टीएसएच वाढते, याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात. थायरॉईड गरजेपेक्षा जास्त धावू लागले की मुकादम गप्प होतो आणि टीएसएच खाली जाते, तो हायपरथायरॉईडिझम. (पिट्युटरीच आजारी असेल तर हा हिशेब चुकतो, पण असे रुग्ण फार थोडे.)

थकवा एकीकडचा, घाबरणे दुसरीकडचे?

ढोबळमानाने हो. मंदावलेल्या थायरॉईडमध्ये थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, वजन थोडे वाढते, आवाज जाड होतो, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, विसरायला होते, मन उदास राहते. वेगवान थायरॉईडमध्ये छातीत धडधड, हाताला कंप, घाम, गरम सहन न होणे, झोप उडणे, वारंवार शौचास जावे लागणे आणि भूक चांगली असूनही वजन उतरणे दिसते. 'कारण नसताना जीव घाबरून राहिला' असे सांगणारा माणूस बऱ्याचदा मानसिक त्रासाचा रुग्ण समजला जातो. त्याची नाडी मोजली आणि ती आराम करतानाही शंभरच्या वर असेल, तर थायरॉईड पाहायलाच हवे.

पण ही विभागणी रेघ ओढल्यासारखी नाही. मंदावलेल्या थायरॉईडमध्येही घाबरणे, अस्वस्थता असू शकते. आत्याला दोन्ही होते. वेगवान थायरॉईडचा रुग्णही थकतो, जिना चढताना त्याच्या मांड्या भरून येतात. वयस्कर माणसात तर धडधड वगैरे काही नसते, नुसते वजन उतरते आणि माणूस गप्प होतो.

मग थकलेल्या प्रत्येकाने तपासणी करायची?

थकवा काही आठवडे टिकला आहे, विश्रांतीने जात नाही आणि वरच्यापैकी आणखी एखादे लक्षण सोबत आहे, तर टीएसएच करणे शहाणपणाचे. घरात आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला थायरॉईड असेल, स्वतःला टाइप-१ मधुमेह किंवा कोड असेल, गळ्यावर सूज दिसत असेल, अमिओडॅरोन किंवा लिथियम ही औषधे सुरू असतील, तर उंबरठा आणखी खाली आणावा. पुरुषांना होत नाही हा गैरसमज आहे. स्त्रियांत प्रमाण बरेच जास्त, एवढेच.

२०१३ मध्ये देशातल्या आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १०.९५ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉईडिझम आढळला, आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तोवर आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. समुद्रकाठच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत प्रमाण थोडे जास्त निघाले. यादीत मुंबई होती, गोवा होता. विदर्भातले एकही शहर नव्हते.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्याकडची थकलेली बाई ही थायरॉईडपेक्षा रक्त कमी असलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. फक्त टीएसएच करून 'नॉर्मल आहे' म्हणत परत येण्यात अर्थ नाही. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखर पाहावी. जेवण पूर्ण शाकाहारी असेल तर बी-१२ ही विचारून घ्यावे. दोन्ही आजार एकत्रही असतात. थायरॉईडमुळे पाळीत रक्त जास्त जाते, त्यातून रक्तक्षय होतो, आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही थकवा हटत नाही, अशी साखळी तयार होते.

चाचणी कुठे, कोणती?

सुरुवातीला एकटी टीएसएच बहुतेकांना पुरते. ती बिघडलेली आली तर फ्री टी-४. वेगवान थायरॉईडचा संशय असेल तर टी-३. कारण शोधायला अँटी-टीपीओ. पन्नास-साठ चाचण्यांचे 'फुल बॉडी पॅकेज' घेण्याची गरज नाही. उलट इतक्या आकड्यांत एखादा इकडेतिकडे येतोच आणि नवी काळजी विकत घेतली जाते.

अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि पुढे पन्नासेक किलोमीटरवर अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या चिठ्ठीवरच नमुना दिला जातो. अहवाल कधी मिळेल ते तिथेच विचारून घ्यावे, म्हणजे खेड्यावरून दुसरी फेरी फुकट जात नाही. खासगीत ही चाचणी काही शे रुपयांत होते.

रक्त देण्याआधी उपाशी राहणे टीएसएचसाठी सक्तीचे नाही. मात्र टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, म्हणून दरवेळी साधारण एकाच वेळी, शक्यतो सकाळी आणि त्याच प्रयोगशाळेत करावी. थायरॉईडची गोळी सुरू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. केसांसाठी, नखांसाठी मेडिकलमधून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याचा डोस मोठा असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. धडधाकट माणूस कागदावर हायपरथायरॉईड ठरतो. या गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवाव्यात आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

आकडा थोडासाच वर आला तर?

हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. सामान्य पल्ला साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास असतो. प्रयोगशाळेनुसार थोडा फरक पडतो. आमच्या शेजारच्या काकूंनी तापातून उठताच पॅकेज करून घेतले. टीएसएच ५.८ आले. त्याच दिवशी गोळी सुरू झाली, 'आता जन्मभर' असेही सांगण्यात आले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी गोळी थांबवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा २.९ होता.

आजारपणात आणि त्यातून सावरताना टीएसएच तात्पुरते वरखाली होते. टीएसएच किंचित वाढलेले पण टी-४ ठीक, याला सबक्लिनिकल म्हणतात. अशा वेळी दीड-दोन महिन्यांनी, फार तर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणे ही पहिली पायरी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत पासष्टीपुढच्या ७३७ लोकांपैकी निम्म्यांना थायरॉईडची गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली गेली. वर्षभरानंतर थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटाने अशा प्रौढांना सरसकट गोळी देऊ नये अशी शिफारस केली. त्यातून दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणे असलेले आणि अगदी तरुण रुग्ण वगळले होते. वय वाढलेल्या माणसाला विनाकारण जास्त गोळी गेली तर हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात.

आत्याचे ४६ मात्र यात बसत नाही. तिथे वाट पाहणे हीच चूक ठरली असती.

बाळंतपणानंतरचा 'अशक्तपणा'

प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांची थायरॉईड ग्रंथी सुजते. आधी काही महिने साठलेले संप्रेरक बाहेर पडते. धडधड, चिडचिड, झोप नाही. बाळ रात्री जागवते म्हणून याकडे कोणी पाहत नाही. नंतर तीच ग्रंथी मंदावते. थकवा, उदासी, केस गळणे. डिंकाचे लाडू चालू असतात आणि 'अजून भरून निघाली नाही' असे म्हटले जाते. बहुतेक जणी वर्षभरात सावरतात, काहींचे थायरॉईड कायमचे मंद राहते. पहिल्या टप्प्यातला अहवाल पाहून वेगवान थायरॉईडचे औषध सुरू करणे चुकीचे ठरते, म्हणून बाळ किती महिन्यांचे आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गर्भारपणात तर उशीर परवडतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने पाळी चुकून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. मात्रा बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते. गोळी 'गरम पडेल' म्हणून बंद करणे हे सगळ्यात वाईट.

गोळी आणि चहा

लेव्होथायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेतात, आणि अर्धा ते एक तास दुसरे काही नाही. आपल्याकडे दिवस चहाने सुरू होतो, घोटाळा तिथेच. चहाबरोबर घेतलेली गोळी पुरती शोषली जात नाही, मग आकडा उतरत नाही, मग मात्रा वाढते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. रमजानच्या रोजात किंवा पहाटे शेतावर जाणाऱ्यांना ही वेळ जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेता येते. डॉक्टरांशी बोलून वेळ एकदा ठरवावी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा टीएसएच करून उपयोग नसतो, आकडा तोवर स्थिरावत नाही.

वेगवान थायरॉईडसाठी कार्बिमॅझोल सुरू असताना ताप आणि घसा दुखणे एकदम आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. हे दुखणे क्वचित, पण जिवावरचे.

मिठाबद्दल एवढेच. खारपाणपट्ट्यातले पाणी खारट असले म्हणजे त्यातून आयोडीन मिळते असे नाही, आणि उपवासाच्या सैंधवात ते घातलेले नसते. रोजच्या भाजीला आयोडीनयुक्त मीठच असावे. मात्र थायरॉईड बिघडले म्हणून आयोडीनच्या गोळ्या मनाने खाऊ नयेत. जास्त आयोडीननेही ग्रंथी बिघडते.

सगळे अहवाल नॉर्मल, तरी जीव घाबरतोच

हेही होते, आणि अशा वेळी 'पाहा, काहीच नाही निघाले' म्हणून विषय संपवला जातो. टीएसएच आणि हिमोग्लोबिन ठीक असणे याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. चिंता आणि नैराश्य यांवर वेगळा उपचार आहे आणि तो मिळतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि विनाशुल्क. मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता आधी हा फोन करावा. छातीत दुखणे, दम लागणे, धडधडीसोबत ताप किंवा भ्रम असेल तर मात्र फोन नाही, थेट रुग्णालय.

आत्याची गोळी सुरू होऊन चौथा महिना होता तेव्हा मे उजाडला होता. एका दुपारी तिने स्वतः उठून कूलरमध्ये पाणी भरले आणि समोर खाट ओढून बसली.