बीपीची गोळी आणि मेंदूची राखण

उतारवयातला मेंदू : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण कमी ऐकू येणं आणि विस्मरण यांचा संबंध पाहिला. आज वळू या रक्तदाबाकडे. बीपी वाढलं की हार्ट अटॅक येतो, अर्धांगवायूचा झटका येतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. मात्र एकही झटका न येता हा दाब वर्षानुवर्षं मेंदू पोखरत राहू शकतो, याची चर्चा फारशी होत नाही.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. पण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांना बारीक फांद्या थेट फुटतात आणि गाभ्यात शिरतात. त्यामुळे मोठ्या धमनीतला जोर फारसा न ओसरताच त्यांच्यावर येऊन पडतो. तो सोसून सोसून त्यांच्या भिंती जाड, ताठर होतात आणि आतली वाट अरुंद होते. मग पाटाच्या शेवटाला असलेल्या शेताची जी गत, तीच मेंदूच्या खोलवरच्या भागाची होते. हा भाग म्हणजे मेंदूच्या एका केंद्राचा निरोप दुसऱ्याकडे नेणाऱ्या तंतूंचं जाळं. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसू लागतात.

म्हणूनच या नुकसानीची पहिली खूण बऱ्याचदा विसरणं ही नसते. आधी वेग मंदावतो, कामाची आखणी जमेनाशी होते. चार पाहुण्यांचा स्वयंपाक एकहाती उरकणाऱ्या आजींची आमटी उकळून आटते आणि कणीक भिजवायचीच राहिलेली असते. तपासताना डॉक्टर कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. नातवंडांची नावं, वाढदिवस बिनचूक सांगणारी व्यक्तीही इथे अडखळू शकते. आकडे एकाच बाजूला दाटतात, किंवा 'दहा मिनिटं' ऐकून मोठा काटा २ वर न जाता थेट १० वर जातो.

दाब आटोक्यात ठेवला तर हे टळतं का? अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत पन्नाशी गाठलेल्या ९,३६१ जणांचे दोन गट केले होते. एका गटात वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्यात १२० च्या. मधुमेह असलेल्यांना आणि पक्षाघात होऊन गेलेल्यांना यात घेतलं नव्हतं. हृदयविकार आणि मृत्यू यांत इतका फरक पडला की २०१५ मध्ये प्रयोग मुदतीआधीच थांबवला गेला. मेंदूविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाच्या अलीकडची पायरी, म्हणजे बुद्धीची सौम्य घसरण, १२० च्या गटात १९ टक्क्यांनी कमी आढळली. पांढरे डागही कमी वाढले. स्मृतिभ्रंशाचे रुग्णही कमी होते, पण तो फरक योगायोगाचा नाही असं छातीठोकपणे सांगण्याइतका मोठा नव्हता.

ती उणीव चीनने भरून काढली. तिथल्या ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४,००० लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. निम्म्या गावांत उपचाराची धुरा होती गावातल्याच आरोग्यसेवकांवर. तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या पायऱ्यांनी स्वस्त औषधं द्यायची, घरी दाब मोजायला शिकवायचं आणि १३०/८० च्या खाली उतरवायचा, एवढंच काम. चार वर्षांत या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिलं.

यासाठी मोठं इस्पितळ लागलं नाही, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं. भारतातल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्याची रीतही हीच : ठरलेली औषधं, प्रत्येकाची नोंद, न आलेल्याचा पाठपुरावा. उपक्रम हृदयविकार आणि पक्षाघात डोळ्यांपुढे ठेवून आखलेला आहे. पण गोळी सोडून दिलेल्या माणसाला आशाताई पुन्हा उपकेंद्रावर आणतात, तेव्हा त्याच्या मेंदूचीही राखण होत असते.

वयाचा हिशेब मात्र ध्यानात ठेवायला हवा. पुढे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाशी सर्वांत घट्ट नातं आहे ते चाळिशी-पन्नाशीतल्या वाढलेल्या दाबाचं. ऐंशीच्या पुढे चित्र गुंतागुंतीचं होतं. स्मृतिभ्रंश उघड होण्याआधीची काही वर्षं दाब आपोआप उतरू लागतो, आणि फार खाली गेलेला दाबही मेंदूला सोसत नाही. म्हणून थकलेल्या माणसाचं बीपी उभं राहूनही मोजावं : उठल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर डॉक्टरांना जरूर सांगावं. औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.

मोजण्याची पद्धतही महत्त्वाची. जिना चढून आल्या आल्या, 'मुलगा सध्या कुठे असतो?' अशा गप्पांत घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको. दोनदा मोजून सरासरी काढावी.

आणि सर्वांत जास्त घात करणारं वाक्य म्हणजे 'आता बीपी नॉर्मल आलंय, गोळी बंद केली.' ते नॉर्मल आलं गोळीमुळेच. मनाने गोळी थांबवली, तर दाब पुन्हा चढतो आणि डोकं दुखेल, चक्कर येईल असंही नाही. पन्नाशीतल्या मुलाने वडिलांचं बीपी मोजून झाल्यावर तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधावा. पुढच्या तीस वर्षांचा मेंदू त्यालाही सांभाळायचा आहे.

(पुढील लेखांकात : मधुमेह आणि स्मरणशक्ती)