एक पत्ता, अनेक सर्व्हर

मी रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. दहावीच्या निकालाला आमच्या गल्लीतले सगळे फोन एकाच संकेतस्थळावर तुटून पडतात. पत्ता एक, मग एवढी गर्दी पेलतं कोण? लोड बॅलन्सर. तो कसा चालतो ते पाहू.

आधी घरचा राउटर घ्या. घरात फोन चार, पण बाहेर पत्ता एकच दिसतो. कोणत्या फोनने काय मागितलं, ते राउटर तक्त्यात नोंदवतो आणि उत्तर त्याच फोनला पोचवतो. हेच नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये ते मांडलं गेलं.

लोड बॅलन्सर हेच काम दुसऱ्या टोकाला करतो. ऑगस्ट १९९८ च्या आरएफसी २३९१ मध्ये ही रीत आहे. विनंती आली की बॅलन्सर मागचा एक सर्व्हर निवडतो आणि पॅकेटवर 'कोणाला' या जागी त्याचा पत्ता घालतो. त्या जोडणीची पुढची पॅकेटंही तक्ता पाहून तिथेच जातात. उत्तर परतताना 'कोणाकडून' या जागी बॅलन्सरचा पत्ता लागतो. सर्व्हरने स्वतःच्या पत्त्यावरून थेट उत्तर दिलं, तर फोन ते अनोळखी समजून टाकून देईल. म्हणूनच येणं-जाणं दोन्ही बॅलन्सरमधून होतं, आणि फार गर्दीत तोच अडतो.

सर्व्हर निवडायच्या तीन पद्धती बघा. पाळीपाळीने, ज्याच्याकडे चालू जोडण्या कमी त्याला, किंवा ग्राहकाच्या पत्त्यावरून हिशोब करून, म्हणजे एक पत्ता नेहमी एकाच सर्व्हरकडे.

तिसरीत गोम आहे. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. बॅलन्सरला ती सगळी मुलं एकच माणूस वाटतात. ती एकाच सर्व्हरवर कोंबली जातात, शेजारचे सर्व्हर रिकामे! अशा वेळी कमी जोडण्यांची पद्धत बरी. मात्र लॉगिनची माहिती सर्व सर्व्हरना सामायिक ठिकाणी ठेवा, नाहीतर पुढच्या जोडणीला मूल अनोळखी ठरेल.

तुमच्या शाळेचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ कुणी बांधत असेल, तर एवढंच विचारा: वाटप कशावरून करता? आणि निकालाचं पान अडकलं, तर रिफ्रेश दाबत बसू नका. प्रत्येक दाबणं म्हणजे रांगेत आणखी एक विनंती. पुढच्या भागात भेटू.