राजाचा दौरा आणि राबणारे हात

राजाची स्वारी निघाली की गावात पहिली हाक महारवाड्याला पडायची. हातातले काम टाकून आमच्या बापजाद्यांना धावावे लागायचे. चावडी झाडा, वाट साफ करा, घोड्यांना गवत आणा, लाकडे फोडा, तंबूचे ओझे डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवा! शिवेवर त्या गावचे महार ओझे उचलायला उभेच असत. राजा असो, मामलेदार असो की गोरा साहेब. स्वारी बदलली तरी वेठ बदलत नव्हती. मजुरी मागण्याची सोय नव्हती, कारण हे काम म्हणे वतनाचे! ज्यांनी वाट झाडली त्यांनी मात्र स्वारी आल्यावर दूर उभे राहायचे.

राजांच्या दौऱ्यातील कमानी आणि तोफांच्या सलामीची वर्णने इतिहासात भरपूर सापडतात. कमानीचे खड्डे कोणी खणले, हे कोणी लिहिले नाही. म्हणूनच आम्हाला १९२० साल मोलाचे वाटते.

त्या वर्षी २१ व २२ मार्चला कागल जहागिरीतील माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब आंबेडकर. पुढाकार घेणारे आप्पासाहेब पाटील जातीने जैन, गावचे पाटील. ज्या पाटीलकीच्या हुकमाने महार वेठीला जुंपला जाई, त्याच पाटीलकीतला एक माणूस अस्पृश्यांच्या परिषदेसाठी राबला. छत्रपती शाहू महाराज तेथे स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. या राजाने १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. १९१८ साली महार वतन मोडून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावे करण्याचा हुकूम काढला होता. स्वारीसाठी वेठ घेणारे राजे पुष्कळ झाले, वेठीचे मूळच उपटणारा हा राजा विरळा!

दोनच महिन्यांनी शाहू महाराज आमच्या नागपुरात आले. ३० मे ते १ जून १९२० या काळात येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली आणि महाराज तिचे अध्यक्ष झाले. गणेश आकाजी गवई, किसन फागुजी बनसोडे यांच्या पिढीने नागपूर-वऱ्हाडात जागृतीची जमीन आधीच नांगरून ठेवली होती. राजा येणार म्हणून चावडीची हाक आली नाही. यजमान आम्हीच होतो.

पण खरी तयारी मंडपाची नव्हती, विचारांची होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदे कौन्सिलच्या सभासदांनी निवडावेत, अस्पृश्यांच्या संस्थांनी नव्हे, अशी भूमिका डिप्रेस्ड क्लासेस मिशनने घेतली होती. बाबासाहेबांनी नागपुरात ती खोडून काढली आणि परिषदेने तिचा निषेध केला. अध्यक्षस्थानी छत्रपती बसलेले असताना या समाजाने ठणकावले की, आमच्या वतीने बोलणारा माणूस दुसऱ्याने ठरवायचा नाही!

कोल्हापुरात जे एका हुकमाने झाले, त्यासाठी इंग्रजी मुलखात मात्र झगडावे लागले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. ते तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर नागपूरने आणखी एक तयारी पाहिली होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मैदान सज्ज केले. लाखो लोक पदरची भाकर बांधून आले. कोणावर हुकूम नव्हता, कोणाची वेठ नव्हती.

आज राजे गेले, दौरे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष येणार म्हणून अहमदाबादेत झोपडपट्टीसमोर भिंत उभी केली गेली. पूर्वी आम्हाला दूर उभे करीत, आता भिंतीआड करतात! पाहुण्यासाठी रात्रभर रस्ते झाडणारे हात आजही बहुतांशी आमच्याच वस्त्यांतले असतात.

म्हणून बांधवांनो, आपल्या शहरात कोणाचाही दौरा जाहीर झाला की कमानी मोजू नका. झाडणाऱ्याला पुरी मजुरी मिळाली का, वस्ती झाकली का, आणि निवेदन घेऊन गेलेल्या आपल्या माणसाला आत घेतले का, एवढे विचारा. वेठीला नकार देणे आणि आपला प्रतिनिधी आपण निवडणे, हा १९२० चा वारसा आहे. तो जपणे हेच शाहूराजांना खरे अभिवादन!