विश्लेषण : घोड्यावरचं गाणं तिसऱ्या पिढीकडे कसं आलं?

मेक्सिकन गायक पेपे आगिलार यांचा कार्यक्रम पाहायला गेलात, तर समोर नुसता रंगमंच नसतो. मातीचं रिंगण असतं. त्यात बैलावर तग धरणारे स्वार येतात, घोडे तालावर पावलं टाकतात आणि गायक खोगिरावर बसूनच गातो. गाणं आणि घोडेस्वारीचा हा मेळ म्हणजे ‘हारिपेओ’.

हा वारसा कुणाचा?

पेपेंचे वडील आंतोनिओ आगिलार यांचा. साकातेकास प्रांतातल्या या गायक-अभिनेत्यानं घोड्यांसह हा खेळ अमेरिकेत नेला. गाव सोडून तिथे राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांना त्या रिंगणात आपलं गाव दिसे. आई फ्लोर सिल्वेस्त्रे याही नामवंत गायिका. अशाच एका दौऱ्यादरम्यान, १९६८ मध्ये, टेक्सासमधील सॅन अँटोनियोत पेपेंचा जन्म झाला.

मग वाट सरळच होती?

मुळीच नाही. तरुणपणी पेपे रॉककडे वळले. वडिलांसारखंच गायचं, तर तुलना अटळ होती! ते रांचेरा गाण्यांकडे परतले, पण मारियाची वाद्यमेळाला त्यांनी पॉपचा हळुवारपणा दिला. १९९८ च्या ‘पोर मुहेरेस कोमो तू’नं त्यांना स्वतःची ओळख मिळवून दिली.

आंतोनिओ २००७ मध्ये गेले. आवाज ध्वनिमुद्रणात उरतो, रिंगण मात्र कुणीतरी चालवावं लागतं. २०१८ मध्ये पेपेंनी ‘हारिपेओ सिन फ्रोंतेरास’, म्हणजे ‘सीमा नसलेला हारिपेओ’, हा दौरा सुरू केला. सोबत मुलगा लिओनार्दो आणि मुलगी आंहेला. त्याच वर्षी, पंधराव्या वर्षी, आंहेलाला पारंपरिक गाण्यांच्या अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं.