भाषेचे नवे नियम आणि चाचणीचा फुगा

मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्यापूर्वी छापलेले एखादे पुस्तक उघडून पाहा. त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वारांनी नटलेले शब्द आढळतील. पण म्हणून आपले वाचन अडत नाही. माणूस जुने लेखनही समजून घेतो आणि नवेही. संगणकाचे मात्र तसे नाही. संगणकाच्या भाषेचे नियम बदलले, तर तो बदल अंगवळणी पडायला कधी कधी वीस वर्षेही लागतात. असे का व्हावे?

संगणकाचा दुभाषा

संगणकाच्या यंत्रणेला फक्त ० आणि १ या अंकांत मांडलेल्या सूचना कळतात. तशा सूचना लिहिणे माणसाला फार कष्टाचे असते. म्हणून माणूस ‘सी’सारख्या भाषेत प्रोग्राम लिहितो आणि ‘कंपायलर’ नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. कंपायलर म्हणजे एक दुभाषाच. पण मोठा काटेकोर! त्याला ठाऊक नसलेली वाक्यरचना समोर आली, की तो तक्रार नोंदवतो आणि काम थांबवतो.

सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. तिचा प्रसार झाला, तसे अनेक कंपायलर निघाले आणि त्यांच्यात फरक पडू लागले. तेव्हा १९८९ साली तिचे प्रमाण नियम ठरवण्यात आले. त्यांना ‘सी-८९’ म्हणतात. पुढे १९९९ साली सुधारित नियम आले, ते ‘सी-९९’. त्यानंतर २०११, २०१८ आणि २०२४ मध्येही नव्या आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या.

नव्या नियमाने काय साधते?

समजा, वर्गातील ४० विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज करायची आहे. त्यासाठी आपण ‘क’ हे चल घेतो. क = १ असताना पहिल्या विद्यार्थ्याचे गुण मिळवायचे, मग क एकाने वाढवायचा, आणि असे ४० पर्यंत करत जायचे. या आवर्तनाला ‘लूप’ म्हणतात. आता सांगा, लूप संपल्यावर क ची किंमत किती असेल? चाळीस? नाही, एक्केचाळीस! क चाळीसच्या पुढे गेला, म्हणूनच तर लूप थांबला.

सी-८९ च्या नियमानुसार क ची घोषणा लूपच्या आधी करावी लागते. त्यामुळे लूप संपला, तरी क शिल्लक राहतो. पुढे चुकून त्याचा उपयोग केला, तर संगणक वर्गात नसलेल्या ४१ व्या विद्यार्थ्याचे गुण शोधू लागतो आणि स्मृतीतील भलतीच माहिती उचलतो. सी-९९ मध्ये क ची घोषणा लूपच्या आरंभवाक्यातच करता येते. लूप संपला, की क चे आयुष्यही संपते. पुढे त्याचे नाव घेतले, तर कंपायलरच चूक दाखवतो.

ही भीती काल्पनिक नाही. ‘लिनक्स’ या संचालन प्रणालीच्या गाभ्यात याच जातीच्या चुका निघत होत्या. यादीवरून फिरणारे चल लूपनंतरही वापरले जाई आणि ते यादीबाहेर बोट दाखवत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर चर्चा झाली आणि मे २०२२ मध्ये निघालेल्या ५.१८ या आवृत्तीपासून लिनक्सने सी-८९ सोडून सी-११ चे नियम स्वीकारले.

मग अडते कोठे?

नियम चांगला असेल, तर तो लगेच का वापरू नये? याचे उत्तर ‘गिट’ या प्रोग्रामच्या इतिहासात सापडते. प्रोग्राममध्ये वेळोवेळी केलेल्या बदलांची नोंद ठेवणारा हा प्रोग्राम लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केला. तो लिनक्स, मॅक, विंडोज अशा अनेक प्रकारच्या संगणकांवर चालतो. त्याचा सी भाषेतील मजकूर सर्वांना खुला आहे. ज्याला हवा, तो आपल्या यंत्रावर आपल्या कंपायलरने तो रूपांतरित करून घेतो. कोणाकडे कोणता कंपायलर आहे, हे लिहिणाऱ्याला कळणार कसे?

शिवाय सर्व कंपायलर एका वेगाने सुधारत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी-९९ मधील अनेक सोयी २०१३ च्या आवृत्तीत आल्या. जीसीसी या कंपायलरला त्या पूर्वीपासून ठाऊक होत्या. पण वेगळे सांगितले नाही, तर तो जुनेच नियम धरून चाले. २०१५ सालच्या पाचव्या आवृत्तीत ही सवय बदलली.

चाचणीचा फुगा

वरच्या थरांतील हवेची स्थिती जाणून घेण्यासाठी हवामान खाते फुगा सोडते. गिटच्या मंडळींनी हीच युक्ती योजली आणि तिला नावही ‘चाचणीचा फुगा’ असेच दिले. नवी वाक्यरचना सगळीकडे न वापरता एकाच जागी वापरायची. जागा अशी निवडायची, की प्रत्येक यंत्रावर तिचे रूपांतर व्हावेच लागेल. पण तक्रार आली, तर ती ओळ सहज पूर्ववत करता येईल. मग वाट पाहायची.

२०१७ च्या मध्यास संरचनेतील घटकांना नावाने आरंभीची किंमत देण्याची पद्धत अशा रीतीने तपासली गेली. २०२१ च्या अखेरीस पाळी आली लूपमधील घोषणेची. ती एकाच ठिकाणी घालून सुमारे वर्षभर थांबायचे ठरले. जानेवारी २०२२ च्या २.३५ या आवृत्तीत कंपायलर सी-९९ मानतो की नाही, याची तपासणीही घातली गेली. जुन्या कंपायलरपाशी काम अडले, तर काय करावे आणि कोणाला कळवावे, याची सूचना तेथेच लिहिलेली होती. सेंटओएस-७ या प्रणालीत जुना जीसीसी होता. त्याला नवे नियम पाळायला सांगणारी एक ओळ गिटमध्ये घालावी लागली, आणि काम भागले.

१९९९ चा नियम अशा रीतीने २०२२ मध्ये पक्का झाला. हा आळस नव्हे. घाईने बदल केला असता, तर जुने यंत्र वापरणाऱ्यांना गिटच्या पुढील सुधारणा मिळाल्या नसत्या, आणि त्यांत सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही असतात. उलट कधीच बदल केला नसता, तर ‘एक्केचाळिसाव्या विद्यार्थ्या’सारख्या चुका कायम शोधत बसावे लागले असते. लहान प्रयोग करायचा, उत्तराची वाट पाहायची आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे, ही विज्ञानाचीच रीत आहे.

शाळेच्या संगणकावर जीसीसी असेल, तर हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. लूपच्या आरंभवाक्यात चलाची घोषणा करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहा. कंपायलरला एकदा सी-८९ चे आणि एकदा सी-९९ चे नियम पाळायला सांगा. पहिल्या वेळी तो काय तक्रार करतो, ते वहीत लिहून ठेवा. नंतर लूपबाहेर त्या चलाची किंमत छापायला सांगा आणि दुसऱ्या वेळी काय घडते, ते पाहा!