बंगळूरची हवा आणि टर्बोचार्जर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब जवळजवळ एक-दशांशाने कमी असतो. साध्या मोटारीची शक्ती त्यामुळे घटते. मात्र एंजिनातील घातक ठोकेही कमी होतात. टर्बोचार्जर ही सवलत हिरावून घेतो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरून तो सिलिंडरात हवा कोंबतो. दाब फार वाढला, की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. हाच तो ठोका. त्याने दट्ट्याही फुटू शकतो.

यावर अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल वापरावे, किंवा ठिणगी काही अंश उशिरा पाडावी. दुसरा उपाय फुकटचा भासतो खरा. परंतु शक्ती घटते, बाहेर पडणारे वायू अधिक तापतात आणि तो ताप टर्बोचार्जरलाच सोसावा लागतो. म्हणून पेट्रोल आधी ठरवावे, ठिणगीची वेळ नंतर.